मदत हवी आहे: आईची दाढ काढायची आहे, भीतीसाठी आधी गोळी देणार म्हणतात

नमस्कार मंडळी, आम्ही पाचोऱ्याचे. आई ६१ वर्षांची, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू. खालची दाढ पार पोखरलीय, तीन महिने लवंग दाबून दिवस काढतेय, कळण्याची भाकरी वरणात लगदा करून एका बाजूने खाते, बघवत नाही. लहानपणी नीट बधीर न करताच कोणीतरी तिचा दात ओढला होता, तेव्हापासून दातांचं नाव काढलं की "माले नही जानं तठे" एवढंच. मागच्या आठवड्यात कसंबसं जळगावला नेलं तर खुर्चीत बसल्या बसल्या हात गार, माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्यांचे वळ उठले, आणि सुई दिसली तशी उठून बाहेर.

आता डॉक्टर म्हणताहेत तासभर आधी दवाखान्यातच एक गोळी देऊ, भीती कमी होईल, फक्त फिजिशियनचं फिटनेस सर्टिफिकेट आणा. या वयात चालते का अशी गोळी? ती जागी राहील का? शेजारच्या काकू म्हणतात माझी झोपेची गोळी अर्धी देऊन ने, तसं करू का? आणि येताना बाईकवर मागे बसवून आणलं तर चालेल ना? प्लीज सांगा, मला काही सुचत नाहीये.

प्रतिसाद (धुळ्याहून):
दादा, मी डेंटल क्लिनिकमधेच काम करते. काकूंची गोळी अजिबात देऊ नका, डोस वयावर आणि बाकीच्या औषधांवर ठरतो, वयस्कर माणसाला ती जास्त चढते आणि उतरायलाही वेळ लागतो. आई जागीच राहील, हाक मारली की ओ देईल, पण नंतर बरंचसं कदाचित आठवणार नाही. गोळीने दुखणं थांबत नाही हं, बधीर करायचं इंजेक्शन लागतंच, तिची मूळ भीती तीच आहे म्हणून आधी हिरडीला जेल लावा आणि पूर्ण बधीर झालंय का ते तपासूनच हात लावा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा. रात्री जोरात घोरते का, झोपेत श्वास अडकतो का? तेही सांगा, फार महत्त्वाचं आहे. उपाशी यायला सांगितलं तर शुगरच्या गोळीचं काय करायचं ते विचारून घ्या, आणि बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावणार ना तेही. बाईक नकोच, डुलकी लागली तर मागून पडेल. चारचाकी करा, २४ तास कोणीतरी जवळ थांबा.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. आई घोरते, खूप घोरते, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्या सकाळीच फोन करतो. मामांची गाडी सांगून ठेवली.