मदत हवी आहे : पाणी न टिकणाऱ्या भातखाचरातील तणाचा बंदोबस्त

सिंधुदुर्गातील आमच्या खाचरांपैकी खालच्या खाचरांत लावणीनंतर पाणी साचून राहत असल्यामुळे तणाचा फारसा त्रास होत नाही. परंतु वरच्या दोन खाचरांचे बांध खेकडे पोखरतात, पाणी झिरपून जमीन उघडी पडते आणि तेथे सावावर्गीय गवत व लव्हाळा जोमाने उगवतो. हे गवत भातासारखेच दिसते, मात्र पान जेथे खोडाला मिळते तेथे भाताला असणारी पातळ पांढरी जिभली त्याला नसते, आणि बेणणी करणाऱ्यांना प्रत्येक रोप असे निरखणे शक्य होत नाही. मजूर मिळाले तर, हा प्रश्न वेगळाच.

लावणीनंतर लगेच वापरायचे प्रेटिलाक्लोर हे तणनाशक पाण्याचा पातळ थर टिकला तरच नीट काम करते, असा अनुभव आहे. अशा झिरपणाऱ्या खाचरात त्याऐवजी तण दोन ते चार पानांवर असताना, पाणी काढून बिस्पायरीबॅक सोडियम हे तणनाशक फवारणे योग्य ठरेल काय? फवारणीनंतर पाऊस किती तास नसावा आणि पाणी पुन्हा केव्हा भरावे? ओळीत लावणी करून कोनोवीडर (ओळींमधून ढकलत तण काढण्याचे अवजार) चालवणाऱ्यांनीही अनुभव कृपया सांगावा.