मदत हवी आहे: टायसन विरुद्ध उसिक, कौल कुणाला?

मंडळी, 12 फेऱ्यांच्या काल्पनिक बॉक्सिंग लढतीचा अंदाज बांधतोय. एकीकडे 1988 चा माईक टायसन, स्पिंक्सला 91 सेकंदांत आडवा करणारा. समोर 2024 चा ओलेक्सांद्र उसिक. रीच (पसरलेल्या हातांची लांबी) 71 इंच विरुद्ध 78, त्यात उसिक डावखुरा.

पहिल्या चार फेऱ्या टायसनच्या धरतो. डोकं हलवत आत शिरून बरगडीवर हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा), लगेच अपरकट (खालून वर हनुवटीवर)... कुणालाही जडच! पण 1987 मध्ये बोनक्रशर स्मिथने मिठ्या मारमारून त्याला पूर्ण 12 फेऱ्या रखडवलं होतं.

अडतंय ते पायांपाशी. टायसनचा पुढचा पाय उसिकच्या पायाबाहेर पडेल का? आत अडकला तर उसिकचा डावा सरळ ठोसा मोकळाच. आणि पंचाने क्लिंच (म्हणजे त्या मिठ्या) झटपट सोडवले तर निकाल फिरेल? जमल्यास फेरीनिहाय गुण द्या.