गॅरेजचे शटर जड झाले आहे : स्प्रिंग गेली हे कसे ओळखावे?

रुईकर कॉलनीतली

आमच्या घराच्या गॅरेजला नऊ फूट रुंद आणि सात फूट उंच असे लोखंडी पट्ट्यांचे, हाताने वर-खाली करायचे शटर आहे. ते बसवून चौदा वर्षे झाली. गेल्या पावसाळ्यापासून ते उचलताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. मागच्या आठवड्यात बाबांनी ते अर्ध्यापर्यंत नेले आणि हात बदलण्यासाठी क्षणभर सैल सोडले, तेवढ्यात ते दाणकन खाली आले. बाबांचा पाय थोडक्यात वाचला. एका मिस्त्रींनी रस्त्यावरूनच पाहून ‘शटर संपले, नवीन टाका’ असे सांगितले. दुसऱ्यांनी कडेच्या पट्ट्यांत ऑईल सोडून पैसे घेतले आणि दोन दिवसांनी पुन्हा पहिल्यासारखेच झाले. वरचे कव्हर मात्र दोघांपैकी कोणीही उघडून पाहिले नाही. दोष स्प्रिंगचाच आहे की आणखी कशाचा, हे कसे ओळखावे? घरात शिडी आहे, पाने आहेत आणि किरकोळ दुरुस्तीची मला सवयही आहे; तेव्हा स्प्रिंग स्वतः बदलता येईल का, हेही कृपया सांगावे.

उद्यमनगरचा फिटर

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : हे काम घरी करू नका. कारण पुढे सांगतोच.

तुमच्या मापाचे १८ गेजच्या (जाडीच्या) पत्र्याचे शटर साधारण ७० ते ८० किलो भरते. त्यातले बहुतेक वजन वरच्या पाईपवर चढवलेल्या स्प्रिंगा पेलतात. स्प्रिंगचे एक टोक पाईपला आणि दुसरे पुलीला बांधलेले असते. शटर खाली येताना पुली फिरते, स्प्रिंगला पीळ बसतो आणि वर नेताना तोच पीळ उलगडून आपल्याला मदत करतो. म्हणजे शटर पूर्ण खाली असते तेव्हा स्प्रिंगमध्ये सर्वांत जास्त ताण असतो. दिसायला मात्र ते त्याच वेळी अगदी शांत दिसते, आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो.

आता परीक्षा. शटरखाली दोन्ही बाजूंना भक्कम लाकडी ठोकळे ठेवा, शटर कमरेइतके उचला आणि हात न काढता पकड हळूहळू सैल करा. तिथेच थांबले तर स्प्रिंग ठीक आहे, खाली घसरू लागले तर ताण कमी पडला आहे आणि आपोआप वर धावले तर कोणीतरी ताण जास्त दिला आहे. दुसरी खूण त्याहून उपयोगाची आहे. वर नेताना जड आणि खाली आणतानाही ढकलावे लागत असेल, तर दोष बहुधा कडेच्या गाईडमध्ये, म्हणजे शटर ज्या उभ्या पट्ट्यांच्या खाचेतून सरकते तिथे, असतो. वर नेताना जड पण खाली मात्र स्वतःहून पडत असेल, तर स्प्रिंगकडे पाहावे. तुम्ही सांगितलेली लक्षणे दुसऱ्या प्रकारातली आहेत. एक बाजू पुढे आणि दुसरी मागे राहून शटर तिरके चढत असेल, तर अनेकदा एकच स्प्रिंग तुटलेली निघते.

शटर बंद करून आतून कव्हर काढा आणि बॅटरीच्या उजेडात लांबूनच पाहा. पाईप, पुली, क्लॅम्प, कशालाही हात लावू नका.

शाहूपुरीतला दुकानदार

वरील गाईडच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. कोल्हापुरातल्या २०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरले, २०२१ मध्ये पुन्हा शिरले आणि त्यानंतर शटर हलेना. आलेल्या कारागिराने स्प्रिंगा बदलायला लावल्या, त्याचे पैसे घेतले आणि तरीही शटर जडच राहिले. शेवटी दुसऱ्या एकाने गाईडच्या तळाशी वाळून दगडासारखा झालेला गाळ पातळ पट्टीने खरवडून काढला, गंजलेल्या कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि काम झाले. आता मात्र नव्या स्प्रिंगांना दिलेला ताण जास्त ठरला. कुलूप काढले की शटर हातातून सुटून वर आदळू लागले, म्हणून तो पुन्हा कमी करून घ्यावा लागला. तेव्हा आधी गाईड साफ करावी आणि मगच स्प्रिंगचा निकाल लावावा. गाईडमध्ये घट्ट ग्रीस भरू नये, त्यात धूळ बसून लगदा होतो.

रुईकर कॉलनीतली

सर्वांचे आभार. गाईड साफ करून परीक्षा घेतली. कमरेच्या उंचीवर पकड सैल करताच शटर ठोकळ्यांवर येऊन बसले. कव्हर काढल्यावर दोन स्प्रिंगा दिसल्या. उजवीकडच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून आहेत, पण त्यांवर तांबूस गंज आहे. डावीकडच्या स्प्रिंगमध्ये मध्येच दोन बोटे जाईल एवढी फट आहे आणि फटीच्या दोन्ही कडांना तारेचे तुटलेले टोक स्पष्ट दिसते. पावसाळ्यात एका रात्री गॅरेजमधून सुतळी बॉम्बसारखा आवाज आला होता आणि आम्ही मांजराने डबा पाडला असे समजून झोपलो होतो, ते आता आठवले. केवळ डावी स्प्रिंग बदलली तर चालेल का? बाबा म्हणतात, त्यापेक्षा मोटरच बसवून टाकू.

निवृत्त यंत्र-अभियंता

दोन्ही बदलाव्यात. दोन्ही स्प्रिंगांनी सारखीच वर्षे आणि सारखेच फेरे (एक उघडझाप म्हणजे एक फेरा) काढलेले आहेत. शिवाय जुन्याशेजारी नवी बसवली तर दोन बाजूंचा जोर असमान होतो. गॅरेजच्या दारांच्या स्प्रिंगांचे आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात. छताकडे सरकणाऱ्या परदेशी ओव्हरहेड दारांच्या स्प्रिंगांसाठी सर्वसाधारणपणे १०,००० फेरे धरले जातात. दिवसातून चारदा उघडझाप असेल तर त्याला सुमारे सात वर्षे लागतात. आपल्या शटरला तो आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण चौदा वर्षांनी तार तुटली यात नवल नाही.

मोटरबद्दल बाबांना सांगावे की तोल गेलेल्या शटरला मोटर लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय. सगळे वजन तिच्यावर पडते आणि वीज गेल्यावर मोटरची कळ सोडून शटर हाताने चालवायची वेळ आली, की ते पुन्हा तसेच कोसळते.

खरेदीच्या वेळी तारेची जाडी काटेकोर पाहावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत अशा शटरसाठी २७.५ सेंटिमीटर लांबीची, आयएस ४४५४ या भारतीय मानकाच्या तारेची स्प्रिंग सांगितली आहे; पण लांबी जुळली म्हणजे स्प्रिंग जुळली असे होत नाही. स्प्रिंगचा जोर तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. घेर आणि वेढे तेच ठेवून ६.५ मिलिमीटरच्या जागी ६ मिलिमीटरची तार आली, तर तेवढ्याच पिळाला जोर सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. जुनी स्प्रिंग उतरल्यावर चिकटलेले दहा वेढे पट्टीने मोजावेत आणि दहाने भागावे. व्हर्निअरसारख्या बारीक मापकाची गरज नाही.

उद्यमनगरचा फिटर

साहेबांचे म्हणणे बरोबर आहे. पीळ डावा की उजवा हेही जुनी स्प्रिंग समोर ठेवूनच जुळवावे, कारण उलट पिळाची बसली तर ताण देताना ती आवळण्याऐवजी उलगडत जाते.

काम करताना तुम्ही समोर असाल, म्हणून सांगतो. आधी शटर पूर्ण वर नेऊन दोन्ही बाजूंनी खालून टेकू द्यायला हवा, म्हणजे स्प्रिंगमध्ये कमीत कमी ताण उरतो. मग एकाने पाईप पान्याने पाईप घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने पाईप ब्रॅकेटला आवळून धरणारे यू-क्लॅम्प सैल करायचे. पाईप न धरता क्लॅम्प सोडला, तर उरलेल्या ताणानेही पाईप गरकन फिरतो आणि त्यावरचा पाना तोंडावर येतो. आमच्या धंद्यातले मोडलेले मनगट बहुतेक वेळा असेच मोडलेले असते. ताण अर्धा-अर्धा फेरा करत उतरवावा. त्यानंतर गुंडाळीसकट पाईप दोरांनी खाली घ्यायला किमान तीन माणसे लागतात. कोणी एकटाच शिडी घेऊन आला आणि शटर खाली ठेवूनच पाना लावू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रुईकर कॉलनीतली

काल काम झाले. तिघे आले होते आणि टेकू त्यांनी न सांगताच लावले. जुन्या स्प्रिंगचे दहा वेढे ६५ मिलिमीटर भरले. लक्ष्मीपुरीतील दुकानात प्रथम काउंटरवर आलेल्या स्प्रिंगचे दहा वेढे ६० भरले. ‘सगळ्या शटरला हीच चालते’ असे ऐकूनही मी पट्टी पुढे केली, तेव्हा आतून दुसरी जोडी आली. शटर आता कमरेच्या उंचीवर सोडले तरी जागचे हलत नाही. मोटरचा विषय बाबांनी स्वतःहून सोडला आहे. आज सकाळी ते एका हातात दुधाची पिशवी धरून दुसऱ्या हाताने शटर उघडताना दिसले.