कर थकला, घर गेलं. वरचे पैसे कोणाचे?

प्रश्न (रामबाग, इंदूर): काकांचं अमेरिकेतलं, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटमधलं घर कर थकल्यामुळे 31 मार्चला काउंटीकडे (तिथल्या जिल्हा प्रशासनाकडे) गेलं. लिलावात थकबाकीपेक्षा जास्त आले तर?

उत्तर १: जास्तीचे काकांचेच, पण मागावे लागतात. जास्तीच्या पैशांवर दावा सांगणाऱ्या फॉर्म 5743 वर नोटरीसमोर सही करून 1 जुलैपर्यंत काउंटी ट्रेझररकडे समक्ष द्या किंवा पोचपावतीच्या सर्टिफाइड टपालाने पाठवा. साधं टपाल नको हो, दावा बुडेल!

उत्तर २: एवढ्यावर थांबू नका. पुढच्या वर्षी 1 फेब्रुवारी ते 15 मे दरम्यान सर्किट कोर्टात (तिथल्या स्थानिक न्यायालयात) अर्जही हवा. कर, व्याज, खर्च आणि विक्रीच्या 5 टक्के कमिशन कापून बाकी मिळते.

उत्तर ३: मिनेसोटा या दुसऱ्या राज्यात 15,000 डॉलरच्या थकबाकीपोटी फ्लॅट 40,000 ला विकून काउंटीने सगळे ठेवले होते. 2023 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने ते घटनाबाह्य ठरवलं. न्याय झाला.