इतवारीत मिळालेली जॉर्ज पंचमकालीन तलवार : मूळ मालक कसा शोधायचा?

महालकर
नागपूरच्या इतवारी बाजारात जुन्या सामानात सरळ पात्याची तलवार मिळाली. पाते खांद्यापासून टोकापर्यंत ८२.५ सेंमी. पोलादी जाळीदार परज (मुठीवरचे हाताचे कवच), त्यात मुकुटाखाली 'जीआरव्ही' अक्षरे. म्यान चामड्याचे. पात्यावर तांबूस गंज आहे. अस्सल आहे का? मालकाचे नाव कळेल? गंज चिंचेने काढू का?

कामठीकर
चिंच, लिंबू, पॉलिश पेपर, काही लावू नका भाऊ. अधिकारी तलवार स्वखर्चाने घेत, त्यामुळे मालकाची आद्याक्षरे आणि रेजिमेंटचे चिन्ह असलेच तर पात्यावरच्या नक्षीत असते. ती नक्षी आम्लाने कोरलेली आणि फार उथळ असते. घासलीत की पुरावाच गेला.

वर्णन ब्रिटिश पायदळ अधिकाऱ्यांच्या १८९७ च्या नमुन्याशी जुळते. परजेची आतली कड बोटाने चाचपा. वर्दी घासून विरू नये म्हणून या नमुन्यात ती दुमडलेली आहे, १८९५ च्या नमुन्यात नाही. 'जीआरव्ही' म्हणजे राजा जॉर्ज पंचम, त्यावरून काळ १९१० ते १९३६. १९५० नंतरच्या भारतीय परेड-तलवारींवर मुकुटाऐवजी अशोकाचे सिंह असतात. त्याही 'इंग्रजांच्या' म्हणून खपवल्या जातात, एवढे ध्यानात ठेवा.

आता पात्याची पाठ परजेजवळ पाहा. तलवारी बनवणाऱ्या लंडनच्या विल्किन्सन कंपनीने १८५४ पासून तिथे अनुक्रमांक ठोकले. त्यांच्या नोंदवह्यांवरून विक्रीचे वर्ष आणि पुष्कळदा खरेदीदाराचे नाव मिळते. क्रमांक नसला तर ती बनावट ठरत नाही, इतर कारखानेही होते. मग आद्याक्षरे आणि रेजिमेंट धरून त्या वर्षांच्या 'आर्मी लिस्ट', म्हणजे ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या छापील याद्या, चाळायच्या.

धंतोली_शस्त्रप्रेमी
गंजाचे काम क्रमाने करा. आधी सगळ्या बाजूंचे फोटो काढा. मग शिवणयंत्राचे तेल लावून दोन दिवस राहू द्या, मऊ सुती कापडाने टिपा, पुन्हा लावा. तांबूस गंज हळूहळू सुटतो. काळा, घट्ट थर तसाच ठेवा. नक्षीच्या भागावर कापड दाबून फिरवू नका. मुठीला तेल नको. तिच्यावर माशाचे कातडे आणि तार असते, तार सैल असली तरी आवळू नका, कातडे तडकते.

पाते म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि त्यातल्या आम्लाने पाते आतून खाल्ले जाते. आपल्याकडे कूलरची खोलीही वाईट. मे महिन्यातही तिथे दमट हवा असते, तिथेच गंज पुन्हा धरतो.

कायद्याचेही पाहा. शंभर वर्षांपुढची असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येणार नाही. घरी बाळगण्याबाबत पोलीस ठाण्यात विचारा.

महालकर
आतली कड दुमडलेली आहे. पाठीवर पाच आकडे आहेत, तिसरा ३ की ८ ते कळत नाही.

कामठीकर
अंधारात टॉर्च पात्याला जवळजवळ समांतर धरा आणि चारही बाजूंनी फिरवत फोटो काढा. ३ असेल तर डावी बाजू उघडी राहील, तिथे सावली पडणार नाही. तरीही शंका राहिली तर दोन्ही क्रमांक नोंदवहीत तपासा. १९१० च्या आधीच्या वर्षाचा निघेल तो बाद करा.