मदत हवी आहे: बिली शीहानसारखा दोन आउटपुटचा बेस

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे साधा पी-बेस (फेंडर प्रिसिजन पद्धतीची बेस गिटार) आहे. त्याला नेकजवळ (गिटारच्या लांब दांड्याजवळ) दुसरा पिकअप (तारांचं कंपन टिपणारा भाग) बसवून स्वतंत्र जॅक काढायचा विचार आहे. खूळ अर्थातच अमेरिकन बेसवादक बिली शीहानचं! त्याने आपल्या जुन्या फेंडर प्रिसिजनला नेकजवळ गिब्सन ईबी-०चा पिकअप लावला आणि दोन्ही पिकअपचे आवाज वेगवेगळ्या अ‍ॅम्पना दिले: खालचा घुमारा स्वच्छ, वरचा आवाज डिस्टॉर्शनमधून (मुद्दाम फाटका करून). यामाहाचा अ‍ॅटिट्यूड हा त्याचा सिग्नेचर (त्याच्या नावाने निघालेला) बेस याच कल्पनेतून आला.

आधी रश बँडच्या गेडी लीच्या सिग्नेचर जॅझ बेसवर जीव जडला होता (त्याच्या 1972च्या बेसवर बेतलेला, नेक काय सुरेख बारीक!). पण मला हवं ते दोन आवाजांचं वेगळेपण त्यात नाही.

आता अडचण. पिकगार्डखाली (वरच्या संरक्षक पट्टीखाली) नेकजवळ लाकूड कोरावं लागेल, आणि ते एकदा कोरलं की कोरलं. म्हणून आधीच विचारतो. कोणी हे केलंय का? हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) नेकला अगदी खेटून बसवला तर नुसता गडगडाट होतो का, की थोडा मागे सरकवावा? दोन्ही आवाज एकत्र केल्यावर फेज उलटी निघाली (म्हणजे दोन्ही एकमेकांना मारू लागले) तर बेस पोकळ वाटतो, हे माहीत आहे. पण नुसत्या तारा उलट जोडून भागतं का? आणि माझ्याकडे अ‍ॅम्प एकच आहे. मग छोटा मिक्सर चालेल, की हा सगळा खटाटोपच व्यर्थ?

‘सरळ अ‍ॅटिट्यूडच घे’ हा सल्ला घरच्यांसमोर देऊ नका, एवढंच.