मदत हवी आहे : जळगावात कारखान्यासाठी नेटवर्क अ‍ॅडमिन

चटईवाला_जळगाव :
जळगाव एमआयडीसीत आमचा चटईचा कारखाना आहे. नेटवर्क बघणारा मुलगा पुण्याला गेला. माणूस ताबडतोब हवा. येणारे सगळे सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्कची परीक्षा) झालेले, बोलतातही छान. निवडायचा कसा? पगार किती द्यायचा?

अवधानकर :
दादा, कॉम्प्युटर किती? शेड किती? रात्रपाळी असते का? हे कळल्याशिवाय पगार कोण सांगणार?

भुसावळ_भो :
माणूस ठेवूच नका भो, वार्षिक करार करा. आमच्या दालमिलला तेच आहे, फोन केला की माणूस येतो.

अवधानकर :
दालमिलचं एक ऑफिस आणि पाळ्यांवर चालणारा कारखाना सारखा कसा? रात्री दोनला येतो का तो?

भुसावळ_भो :
करारात वेळ लिहून घेतली की येतो. नोकरीतला मुलगा सुट्टीवर गेला तर काय करणार, ते सांगा ना.

चटईवाला_जळगाव :
दोन शेड, चाळीसेक कॉम्प्युटर, कॅमेरे, वजनकाटा. तीन पाळ्या. मागच्या शेडचं नेट सारखं तुटतं, गेटपास निघत नाही, भरलेल्या गाड्या उभ्या राहतात. म्हणून घाई आहे.

केळीपट्टा_रावेर :
वजनकाटा टॅलीला जोडलाय का? नसेल तर आधी ते करा, फार सोय होते.

फायबरवाला :
ते नंतर. दोन शेडमधलं अंतर किती? तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते. मशीनच्या मोटारींचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या वायरी त्याच केबल ट्रेमधून गेल्यात का? त्यांच्यामुळे नेटच्या केबलमध्ये व्यत्यय येतो.

चटईवाला_जळगाव :
दीडशे मीटर असेल. मध्ये पत्र्याखाली एक नेटवर्क स्विच (नेटच्या केबली जोडायची पेटी) आहे. ट्रे एकच.

फायबरवाला :
मग कोणीही आणा, नेट तुटणारच. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली तो स्विच भाजून निघतो. फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाका, मधला स्विच काढा. आणि उमेदवाराला केबिनमध्ये बसवू नका, थेट त्या ट्रेखाली न्या. पाच मिनिटांत ड्राइव्हच्या वायरींकडे बोट दाखवेल तो घ्या. सीसीएनएची मुदत तीन वर्षं असते, तारीखही बघा.

ममुराबादकर :
माझा भाचा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा आहे, टीव्ही दुरुस्त करतो. पाठवू का?

अवधानकर :
पगाराआधी एक सांगा दादा, फायरवॉलचा (बाहेरून नेटवर्कमध्ये घुसणाऱ्यांना अडवणाऱ्या यंत्रणेचा) पासवर्ड कोणाकडे आहे?

चटईवाला_जळगाव :
त्या पुण्याच्या मुलाकडेच.

अवधानकर :
आज फोन करा. लांबून कॉम्प्युटर चालवायची रिमोटची सोय बाहेरून उघडी ठेवलीय का तेही विचारा. उघडी असेल तर आधी बंद करा, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) बरेचदा तिथूनच शिरतं.

भुसावळ_भो :
आणि फायबर टाकून नेट सुरळीत झालं, तर कराराचा भाव विचारून बघा भो.